कन्या राशीतील दीर्घिकांचा मेळा

उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांसाठी होणाऱ्या आकाशदर्शनाच्या शिबिरांत आम्ही कन्या राशीतील दीर्घिका आवर्जून दाखवतो. तारकागुच्छ पाहून हरखलेली मंडळी इथे मात्र हिरमुसतात. दुर्बिणीत दिसतात ते धुरकट, पुसट ठिपके. "एवढंच?" हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हे ठिपके कसे शोधायचे याबरोबर त्यांच्यावरून काय कळते, हेही पाहू.

आधी जागा शोधू. एप्रिलअखेरीस रात्री साडेदहाच्या किंवा मेच्या मध्यास साडेनऊच्या सुमारास, अमावास्येच्या आसपास बाहेर पडावे. सप्तर्षींच्या शेपटीची वक्ररेषा पुढे नेली की नारिंगी स्वाती भेटते, आणखी पुढे पांढरीशुभ्र चित्रा. सिंहाच्या शेपटीची उत्तरा हा तिसरा तारा. या तिघांचा मोठा त्रिकोण होतो. उत्तरा आणि स्वाती यांना जोडणाऱ्या बाजूच्या मध्यापासून किंचित दक्षिणेला, त्रिकोणाच्या आत, कन्या राशीतील एप्सिलॉन हा मध्यम तेजाचा तारा आहे. उत्तरा आणि एप्सिलॉन यांच्या बरोबर मध्ये दुर्बीण रोखली की एम-८४ आणि एम-८६ या दीर्घिका एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. त्यांच्यातील अंतर चंद्रबिंबाच्या साधारण निम्मे आहे. तेथून पूर्वेला सव्वा अंशावर एम-८७ आहे. महाराष्ट्रातून हा भाग जवळजवळ डोक्यावर येतो, ही आपली मोठीच सोय.

तीन-चार इंची दुर्बीण पुरते. सहा इंची असल्यास उत्तम. कमीत कमी वर्धन देणारी नेत्रिका लावावी. मात्र गावाच्या दिव्यांपासून दूर जायला हवे आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास द्यायला हवा. विजेरीला लाल जिलेटिन कागद बांधावा. ठिपक्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी नेत्रपटलाच्या अगदी मध्यावर नसतात, म्हणून अशी तिरकी नजर जास्त टिपते.

धूमकेतूंचा शोध घेणारे फ्रेंच निरीक्षक शार्ल मेसिए यांनी मार्च १७८१ मध्ये हे ठिपके आपल्या यादीत नोंदवले. 'एम' हे अक्षर त्यांच्याच नावाचे. हे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिका आहेत, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निश्चित झाले. या समूहात १३०० ते २००० दीर्घिका असाव्यात आणि त्याचे अंतर सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षे आहे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून बनला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे तो लाव्हा थिजून कोटीभर वर्षे उलटल्यावर निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो आहे.

पण दीर्घिका आकाशात जवळजवळ दिसल्या म्हणून त्या खरोखर एका समूहातल्या आहेत, असे कशावरून? याचे उत्तर त्यांच्या वेगांत आहे. वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूला सरकल्या असतील तर दीर्घिका आपल्यापासून दूर जात असते, निळ्या बाजूला सरकल्या असतील तर जवळ येत असते. विश्व प्रसरण पावत असल्याने हा समूह एकंदरीत सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. एम-८४ चा वेगही साधारण तेवढाच. तिच्या शेजारची एम-८६ मात्र सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येत आहे! ती आपल्यावर आदळणार आहे असा याचा अर्थ नव्हे. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने ती त्याच्या मध्याकडे ओढली जात आहे, आणि ती दिशा नेमकी आपल्याकडची आहे.

एकट्या एम-८६ वरून निष्कर्ष काढू नये. इतर दीर्घिकांचे वेगही समूहाच्या सरासरी वेगापेक्षा सर्वसाधारणपणे सेकंदाला ७०० किलोमीटरने कमीजास्त आहेत. आता वर्गात करण्याजोगा एक हिशेब. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. ७०० किलोमीटर वेगाने एक प्रकाशवर्ष अंतर कापायला सुमारे ४३० वर्षे लागतील. समूहाचा व्यास ढोबळमानाने १ कोटी प्रकाशवर्षे धरला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला ४३० कोटी वर्षे. विश्वाचे वय मात्र सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. दीर्घिकांना कोणी बांधून ठेवले नसते, तर हा मेळा केव्हाच पांगला असता.

बांधून ठेवते ते गुरुत्वाकर्षण, आणि त्यासाठी वस्तुमान हवे. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा या दूरच्या समूहासाठी आणि १९३६ मध्ये सिंक्लेअर स्मिथ यांनी कन्येतील या समूहासाठी तो हिशेब केला. दीर्घिकांच्या प्रकाशावरून जेवढे वस्तुमान दिसत होते, त्याच्या कितीतरी पट लागत होते. त्यातला काही भाग दीर्घिकांमधल्या अतितप्त वायूचा आहे, हे पुढे क्ष-किरणांनी दाखवले. तरीही हिशेब जुळत नाही. उरलेल्या द्रव्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. ते कशाचे बनले आहे हे अजून कोणालाही सांगता आलेले नाही.

एम-८७ च्या केंद्रातील कृष्णविवराचे छायाचित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वस्तुमान सुमारे ६५० कोटी सूर्यांएवढे आहे. ते चित्र विद्यार्थ्यांनी पाहिलेले असतेच. पण ज्या ठिपक्यात ते विवर दडले आहे तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, आणि वरचा हिशेब स्वतःच्या हाताने करावा. मग "एवढंच?" या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज पडत नाही, असा आमचा अनुभव आहे. मुलेच पुढचा प्रश्न विचारतात: "बाकीचं वस्तुमान गेलं कुठे?"