नाळ उघडी की झाकलेली?

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पण येथील पाणी दोन समुद्रांकडे वाहते. काटेपूर्णेचे पाणी पूर्णा आणि तापीमार्गे पश्चिमेला जाते, तर पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे पूर्वेला. माणसांना मात्र किनारा दूरच होता. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याने मुंबई जवळ आणली. आता दिवाळीच्या सुट्टीत दुकानाला चार दिवस कुलूप लावून कुटुंबे मुंबई, अलिबाग, तारकर्ली किंवा कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळे गाठतात. तेथे मुलांचा पहिला हट्ट असतो तो वेगवान मोटारनौकेत बसण्याचा, आणि दुसरा असतो तो अगदी पुढे बसण्याचा. हा दुसरा हट्ट पुरवावा की नाही, याचे उत्तर नौकेच्या बांधणीत आहे.

नावेच्या पुढच्या टोकाला किनाऱ्यावर ‘नाळ’ म्हणतात. विहाराच्या मोटारनौका नाळेच्या रचनेवरून मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात चालकाच्या समोरच्या काचेपुढे मोकळा खळगा ठेवून तेथे बाके बसवलेली असतात. काचेच्या मधली झडप उघडून माणसे पुढे जातात. हिला ‘बाउरायडर’ असे नाव आहे. दुसऱ्या प्रकारात नाळेवर पक्के छत असते. त्याखाली सामानाची जागा किंवा छोटी खोली असते आणि सर्व प्रवासी मागे बसतात.

उघड्या नाळेचे आकर्षण उघड आहे. तेवढ्याच लांबीच्या नावेत अधिक माणसे मावतात, वारा लागतो, समोरचे दृश्य मोकळे दिसते, आणि धक्क्याला किंवा वाळूला नाव लागली की पुढूनच उतरता येते. शांत जलाशयात, थोड्या वेळाच्या फेरीसाठी ही रचना सोयीची आहे. झाकलेली नाळ जागा खाते. पण लाट अंगावर आली तर पाणी छतावरून दोन्ही बाजूंना ओघळून जाते, आत शिरत नाही.

येथे व्यापाऱ्याला परिचित असा हिशेब कामी येतो. मीटरभर लांब, मीटरभर रुंद अशा खळग्यात वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर पाणी भरले, तर ते दोनशे लिटर होते. त्याचे वजन दोन क्विंटल. सोयाबीनची पन्नास किलोंची चार पोती एका क्षणात नावेच्या टोकावर टाकावीत, तसा हा प्रकार होय. शिवाय पोती जागची हलत नाहीत, पाणी मात्र नाव जिकडे कलेल तिकडे धावते आणि तिला आणखी कलवते. त्यात पुढे चार धष्टपुष्ट माणसे बसलेली असली, तर नाळ आधीच खाली दबलेली असते आणि पुढची लाट सहज आत येते.

अशी लाट येण्यास वादळच लागते असे नाही. वेगात असताना मोटारनौका पाण्यावर उचललेली असते. चालकाने एकदम वेग तोडला की नाळ खाली बसते. त्याच वेळी शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट समोरून आली, तर स्वच्छ उन्हातही पाणी आत येते. म्हणून चांगल्या बाउरायडरमध्ये निचऱ्याची भोके आणि तळातले पाणी उपसणारा पंप असतो. काही नावांना नाळेवर ताणण्याचे कापडी आच्छादनही मिळते. ते पाऊस आणि तुषार अडवते. परंतु पक्क्या छताची ताकद त्यात नसते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने आंग्र्यांच्या आरमारातील ‘गुराब’ या लढाऊ नौकेचे वर्णन केले आहे. गुराबेची नाळ लांब पुढे आलेली असे आणि समोरच्या लाटांत ती जोराने खालीवर होई. म्हणून तिच्यावर भक्कम तक्तपोशी होती. परंतु उरलेल्या नौकेसारखे कठडे नाळेला मुद्दाम दिलेले नव्हते. वर आलेले पाणी अडू नये, आल्या वाटेने निघून जावे, हा त्यामागचा हेतू. कोकणच्या कारागिरांनी ओळखलेले हे तत्त्व आजच्या फायबरच्या नावेलाही तसेच लागू आहे: नाळेवर पाणी येणारच, त्याला आत येऊ देऊ नये, किंवा आले तर बाहेरची वाट ठेवावी.

झाकलेली नाळ घेतली म्हणजे चिंता मिटली, असेही नव्हे. छायाचित्रासाठी त्या गुळगुळीत छतावर पाय सोडून बसण्याची हौस अनेकांना असते. तेथे धरायला काही नसते, आणि पुढून पडलेला माणूस नावेखालून थेट मागच्या फिरत्या पंख्याकडे जातो. उघड्या नाळेतही कडेवर बसणाऱ्याला हाच धोका आहे. बाकावर, पाय आत ठेवून बसणे हा एकच मार्ग.

जलाशय समुद्राहून सौम्य, हा समजही फसवा आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा अंत झाला. ती विहाराची नौका नव्हती, नित्याची प्रवासी नाव होती. वाऱ्याने मात्र हा भेद केला नाही.

यांत्रिक नावांची पाहणी, नोंदणी, विमा आणि जीवरक्षक साधने यांच्या तरतुदी २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात आहेत. परंतु धक्क्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाच्या हाती काही गोष्टी असतात. नावेत किती माणसांची परवानगी आहे, हे विचारावे. प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट बसण्यापूर्वीच बांधावे. मुलांना व वृद्धांना मागे, मधोमध बसवावे. खुल्या समुद्रात जायचे तर झाकलेली नाळ निवडावी. उघडीच मिळाली, तर लाटांत पुढची बाके रिकामी ठेवण्यास चालकाला सांगावे. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो. तेव्हा फेरी सकाळी उरकावी. सूर्यास्तापूर्वी घरी परतून जेवण्याची ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, त्यांना हा नियम जड जाऊ नये.

दृश्य मागच्या बाकावरूनही दिसते. मुलाचा हट्ट मोडल्याने त्याला क्षणभर रुसवा येईल, आणि तो रुसवा घेऊन सारे कुटुंब सुखरूप धक्क्यावर उतरेल.