स्थानिक वेब-सर्व्हर आणि स्क्रिप्टचे निष्पादन

एखाद्या अभ्यासकाने गावोगाव हिंडून बोलीतील तीन-चार हजार शब्द जमविले, ते संगणकावर एका तक्त्यात नोंदविले, आणि आता शब्द लिहिताच त्याची सर्व रूपे, गाव व निवेदक यांसह समोर यावीत अशी लहानशी सोय त्याला हवी आहे, असे समजू. ही सोय जगापुढे मांडावयाची नाही. ती त्याच्या मेजावरील यंत्रापुरतीच आहे. तो पीएचपी भाषेत एक स्क्रिप्ट लिहितो, ती फाइल ब्राउझरमध्ये उघडतो, आणि उत्तराऐवजी त्याने स्वतः लिहिलेल्या ओळीच त्याच्यासमोर येतात. असे का व्हावे, हे ध्यानात आले म्हणजे प्रस्तुत विषयाचे निम्मे मर्म हाती आले असे म्हणावयास हरकत नाही.

पीएचपी, पायथन वा पर्ल या भाषा ब्राउझरला कळत नाहीत. त्याला एचटीएमएलचा मजकूर, चित्रे आणि जावास्क्रिप्ट यांच्याशीच कर्तव्य असते. स्क्रिप्ट अन्यत्र चालली पाहिजे व तिचे फलित तेवढे ब्राउझरकडे आले पाहिजे. हे मध्यस्थाचे काम करणारा जो प्रोग्राम, तोच सर्व्हर. तो वेगळ्या यंत्रावरच असला पाहिजे असे नाही. एकाच संगणकावर सर्व्हर व ब्राउझर सुखाने नांदतात. १२७.०.०.१ हा अंकपत्ता, अथवा 'लोकलहोस्ट' हे त्याचे नाव, म्हणजे 'हेच यंत्र'. त्यापुढे ८००० सारखा पोर्टचा क्रमांक लिहावयाचा, कारण वेबचा रूढ ८० हा पोर्ट युनिक्स परंपरेत १०२४ पेक्षा लहान असल्यामुळे विशेषाधिकारांवाचून मिळत नसे.

सर्व्हरकडे मागणी आली असता तो दोहोंपैकी एक गोष्ट करतो: मागितलेली फाइल जशीच्या तशी देतो, किंवा ती चालवून तिचे फलित देतो. यांपैकी काय करावयाचे हे फाइल ठरवीत नाही. सर्व्हरची मांडणी ठरविते. मांडणीत उणीव राहिली की तीच फाइल, तीमध्ये लिहिलेल्या माहितीकोशाच्या परवलीच्या शब्दासह, मागणाऱ्याच्या हाती पडते. ही भीती काल्पनिक नव्हे.

स्क्रिप्ट चालवावयाची म्हणजे सर्व्हरने तिच्याशी बोलावयाचे कसे, यासंबंधीचा पहिला सर्वमान्य संकेत १९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेत सिद्ध झाला. त्यास कॉमन गेटवे इंटरफेस, संक्षेपाने सीजीआय, म्हणतात. पुढे २००४ साली आरएफसी ३८७५ या क्रमांकाने तो लेखनिविष्ट झाला. त्याचे साधेपण आजही अभ्यासण्याजोगे आहे. प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर एक नवी प्रक्रिया सुरू करतो. मागणीचा प्रकार, प्रश्नचिन्हापुढील मजकूर, मजकुराची लांबी इत्यादी तपशील तो त्या प्रक्रियेच्या परिसर-चलांत भरतो. पोस्ट पद्धतीने आलेला मजकूर तिच्या प्रमाण निवेशात सोडतो. स्क्रिप्ट आपल्या प्रमाण निर्गमात जे लिहिते ते उत्तर ठरते. प्रक्रिया संपली की सर्व विसरले जाते. मागच्या मागणीची स्मृती हवी असेल तर ती फाइलीत किंवा माहितीकोशात ठेवावी लागते.

या उत्तराला एक शिस्त आहे. आरंभी मजकुराचा प्रकार सांगणारी शीर्ष-ओळ, नंतर एक कोरी ओळ, आणि मग मजकूर. ती कोरी ओळ गाळली की सर्व्हरला शीर्ष कोठे संपले ते कळत नाही, व बहुधा '५००' या क्रमांकाचा दोष समोर येतो. नवशिक्यांचा बराच वेळ या एका ओळीपायी जातो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे फाइलीस निष्पादनाची अनुज्ञा नसणे. आणि तिसरे, अधिक चकविणारे, विंडोजवर लिहिलेल्या फाइलीतील ओळीच्या अखेरीस असलेले अदृश्य जादा चिन्ह. लिनक्सवर त्यामुळे पहिल्या ओळीतील दुभाष्या-प्रोग्रामचे नावच बदलते, आणि फाइल डोळ्यांसमोर असूनही 'सापडत नाही' असे उत्तर मिळते.

मराठी सामग्रीवर काम करणाऱ्यास येथे एक निराळा विचार करावा लागतो. पत्त्यातून जाणारे देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे होते, आणि प्रत्येक बाइट शतमान-चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन वर्णांनी लिहिला जातो. 'ळ' चे बाइट ई०, ए४ व बी३ असे आहेत. 'मराठी' या शब्दात काना व वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत. त्यांचे पंधरा बाइट व पत्त्यात पंचेचाळीस वर्ण होतात. पोस्टच्या मजकुराची जी लांबी सर्व्हर सांगतो ती बाइटांची असते, अक्षरांची नव्हे. ती अक्षरे समजून मोजल्यास देवनागरीचा हिशेब हमखास चुकतो. उत्तराच्या शीर्ष-ओळीत यूटीएफ-८ चा उल्लेखही अवश्य करावा.

आता साधनांविषयी. पायथनबरोबर येणारा एचटीटीपी सर्व्हर अनेकांच्या परिचयाचा आहे. पण तो स्वभावतः फाइली देणारा आहे, चालविणारा नव्हे. त्यास सीजीआयची जोड होती, तीही अपुरी: स्क्रिप्ट चालण्यापूर्वीच तो '२००', म्हणजे 'सर्व ठीक', असे कळवून मोकळा होई, त्यामुळे वाचकास अन्य पत्त्यावर वळविणे स्क्रिप्टला शक्यच नसे. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत ही जोड त्याज्य ठरविण्यात आली आणि सीजीआय नावाचे साहाय्यक मॉड्यूल तर काढूनच टाकले गेले. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे म्हणून जशीच्या तशी उतरवू नयेत.

पीएचपीत २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून अंगभूत सर्व्हर आहे. आज्ञेत मोठ्या एस अक्षराचा पर्याय देऊन पत्ता व पोर्ट लिहिला की तो सुरू होतो. पीएचपी फाइली चालवितो, इतर तशाच देतो. आमच्या मते उपरोक्त अभ्यासकास हाच सोयीचा. मात्र तो एका वेळी एकच मागणी हाताळतो. एका स्क्रिप्टने त्याच सर्व्हरकडे दुसरी मागणी केली, तर दोघी परस्परांची वाट पाहत थांबतात. ७.४ आवृत्तीपासून (२०१९) एका परिसर-चलाने अनेक कामकरी प्रक्रिया नेमता येतात. विंडोजवर ही सोय नाही.

राहिला पत्त्याचा प्रश्न. पीएचपीच्या आज्ञेत 'लोकलहोस्ट' लिहिले असता सर्व्हर या यंत्रापुरताच ऐकतो; चार शून्यांचा पत्ता लिहिल्यास तो साऱ्या जाळ्याचे ऐकू लागतो. पायथनचा सर्व्हर काही न सांगितल्यास आरंभापासूनच तसे ऐकतो, व ज्या निर्देशिकेत तो सुरू केला तिची यादीही दाखवितो. वसतिगृहाच्या सामायिक जाळ्यावर याचा अर्थ असा की, ज्या निवेदकांनी नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर मुलाखती दिल्या, त्यांच्या ध्वनिफिती व नावांचा तक्ता शेजारच्या खोलीतील कोणासही उघडता येतो. म्हणून बांधणीचा पत्ता १२७.०.०.१ असा स्पष्ट लिहावा, मूळ सामग्री सर्व्हरच्या निर्देशिकेबाहेर ठेवावी, आणि त्याच जाळ्यावरील दुसऱ्या यंत्रावरून पत्ता उघडून पाहावा. तो उघडता कामा नये.