कठड्याच्या अलीकडून: बहरीनची शमी आणि तिचे जगभरचे भाऊबंद

सलमानिया म्हटलं की बहरीनमध्ये सगळ्यांना आधी मोठं सरकारी रुग्णालय आठवतं. पण भारतातून पाहुणे आले की सलमानियातल्या आमच्यासारख्या कुटुंबांची गाडी हमखास दक्षिणेकडे निघते. मनामापासून साधारण ४० किलोमीटरवर, जबल दुखान या देशातल्या सर्वात उंच टेकडीपासून जवळच, वाळूच्या उंचवट्यावर एक झाड एकटंच उभं आहे. शजरत अल-हयात, म्हणजे जीवनवृक्ष. उंची जेमतेम ३२ फूट. आपल्याकडच्या गावच्या वडापुढे ती काहीच नाही. पण आजूबाजूला नजर जाईल तिथवर वाळू, खुरटी झुडपं आणि तेलाच्या नळ्या असताना ३२ फूट ही उंची छाती दडपवते.

अहो, ही तर आपली शमी!

या झाडाची ओळख सहसा ‘प्रोसोपिस सिनेरारिया’ अशी दिली जाते. म्हणजे शमी! पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं लपवली ती हिच्यावर, दसऱ्याला पूजा होते ती हिची, गणपतीला पत्री वाहतो ती हिची. राजस्थानात हिला खेजडी म्हणतात, तेलंगणात जम्मी, आणि दोन्ही राज्यांचा हा राज्यवृक्ष आहे. अरबांमध्ये ही ‘गाफ’. संयुक्त अरब अमिरातीचा तर हा राष्ट्रीय वृक्ष. त्यांनी २०१९ हे सहिष्णुतेचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा बोधचिन्हावर गाफच होता. आपण परमुलखात आलो असं आपल्याला वाटतं. शमीला विचाराल तर थरच्या वाळवंटापासून अरबस्तानापर्यंत सगळं तिचंच माहेर.

पाणी कुठून येतं?

बहरीनमध्ये वर्षभरात पाऊस पडतो सरासरी ७० ते ८० मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या मुसळधार दिवशी तेवढा काही तासांत पडतो. झाडाजवळ विहीर नाही, झरा नाही. उत्तर बहुधा जमिनीखाली आहे, कारण शमीची मुळं ३० मीटर आणि त्याहूनही खोल जाऊ शकतात. जुन्या लोकांकडे याहून देखणं उत्तर आहे. सुमेरियन कथांमधला गोड्या पाण्याचा देव एन्की या झाडाची राखण करतो म्हणे. बहरीन हे प्राचीन दिल्मून मानलं जातं आणि त्या कथांमध्ये दिल्मून ही पवित्र भूमी आहे. कुणी तर ईडनची बाग इथंच होती असंही सांगतं.

वय? चारशे वर्षांच्या आसपास. १५८२ हे लागवडीचं सालही सांगितलं जातं. २०१० मध्ये झाडाजवळच्या उत्खननात सुमारे ५०० वर्षांपूर्वीची मातीची भांडी सापडली. म्हणजे आज ओसाड दिसणाऱ्या या जागेवर एके काळी चुली पेटत होत्या.

चारशे वर्षं उन्हाने मारलं नाही, मग कठडा कशाला?

आपल्यासाठी. वर्षाला हजारो लोक इथं येतात, आणि त्यातल्या काहींना झाडावर आपलं नाव हवं असतं. खोडावर, खाली वाकलेल्या जाड फांद्यांवर नावं कोरली गेली, रंगाने लिहिली गेली. म्हणून आता झाडाभोवती कुंपण आहे.

नाव कोरल्याने नेमकं काय होतं ते सांगायलाच हवं. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेणारा थर सालीला लागूनच, अगदी वरवर असतो. चाकू तिथे सहज पोहोचतो. सालीचा पट्टा खोडाभोवती पूर्ण गोल निघाला, तर मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरतं. छोटी जखम झाड बुजवत नाही. तिच्यावर नवं लाकूड चढवून ती आत कोंडून ठेवतं. तेवढ्या अवधीत बुरशी आणि किडींना दार उघडं मिळतं. आणखी एक गंमत: झाड उंच होतं ते शेंड्याकडून, त्यामुळे छातीच्या उंचीवर कोरलेलं नाव पन्नास वर्षांनीही छातीच्या उंचीवरच राहतं, फक्त रुंद आणि वेडंवाकडं होत जातं. असं ‘अमर’ होण्यात कसलं आलंय प्रेम!

चाकूपेक्षा चप्पल वाईट

हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. बहुतेक झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या फूट-दोन फूट मातीतच असतात. हजारो पावलांनी ती माती घट्ट दाबली गेली की हवा जात नाही, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात. वर झाड हिरवंगार दिसत असतं, खाली उपासमार सुरू असते. झाडाला मिठी मारायला जाणारा माणूस त्याच्या मुळांवरच उभा असतो. म्हणून कठड्यापाशी थांबणं ही मला झाडाची सगळ्यात खरी सेवा वाटते.

न्यूझीलंडमध्ये वायपोआच्या जंगलात ‘ताने महुता’ हा प्रचंड कौरी वृक्ष आहे, ५० मीटरच्या आसपास उंच. तो बघायला जायचं तर आधी बूट घासून धुवायचे, त्यांवर जंतुनाशक मारायचं आणि लाकडी पुलावरूनच चालायचं. कारण कौरींना मारणारा रोग चिखलाबरोबर बुटांच्या तळव्यांतून पसरतो. देवळात जाताना पाय धुण्याची सवय असलेल्या आपल्याला हे शिकवावं लागणार नाही.

पत्ता सांगणार नाही!

जगातलं सर्वात उंच ज्ञात झाड कॅलिफोर्नियातलं ‘हायपेरियन’, ११५ मीटरहून उंच. २००६ मध्ये त्याचा शोध लागला. अधिकृतपणे जागा जाहीर केली नव्हती, तरी हौशी लोक इंटरनेटवरून माग काढत पोहोचलेच. झुडपं तुडवली, कचरा टाकला. शेवटी २०२२ मध्ये तिथं जायला बंदी झाली. पकडलं गेल्यास ५,००० डॉलर दंड आणि सहा महिने कैद होऊ शकते.

‘मेथुसेला’ हे ४,८०० वर्षांहून जुनं पाइन झाडही कॅलिफोर्नियातलंच. ते नेमकं कुठलं, हे वनखातं पर्यटकांना सांगतच नाही. तुम्ही त्याच्या शेजारून जाल आणि तुम्हाला कळणारही नाही.

ही गुप्तता उगाच आलेली नाही. १९६४ मध्ये नेवाडात डोनाल्ड करी या संशोधक विद्यार्थ्याने अभ्यासासाठी एक पाइन तोडून घेतलं, रीतसर परवानगीने. वर्तुळं मोजली तर ४,८६२ भरली. तेव्हा माहीत असलेलं सर्वात जुनं झाड तेच होतं. त्याचं नाव होतं ‘प्रोमिथियस’.

शेकडो मैलांत एकच झाड, आणि ट्रक त्यालाच धडकला

आमच्या शमीचा आफ्रिकेतला जुळा भाऊ म्हणजे नायजर देशात, सहाराच्या वाळूत एकटं उभं असलेलं ‘तेनेरे’चं बाभळीचं झाड. उंटांच्या तांड्यांची ती खूण होती. जवळ विहीर खणली तेव्हा त्याची मुळं ३० मीटरहून खोल पाण्यापर्यंत गेलेली दिसली. १९७३ मध्ये एका ट्रकने त्याला धडक देऊन पाडलं. अवशेष राजधानी नियामेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत, आणि मूळ जागी उभं आहे धातूचं झाड. बहरीनच्या कठड्यावर कुणी कुरकुर केली की मी त्याला हीच गोष्ट सांगते.

प्रदर्शनासाठी सोललेली ‘आई’

१८५४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘मदर ऑफ द फॉरेस्ट’ या महाकाय सिकोयाची ११६ फूट उंचीपर्यंतची साल सोलून काढली आणि न्यूयॉर्क-लंडनमध्ये तिकीट लावून दाखवली. साल गेल्यावर झाडाचं काय होतं ते वर आलंच आहे. ते मेलं.

शमीसाठी ३६३ माणसं

मात्र शमीची सगळ्यात मोठी गोष्ट बहरीनची नाही, जोधपूरजवळच्या खेजडली गावची आहे. साल १७३०. महाराजा अभयसिंहांच्या नव्या महालासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या, सरपण हवं होतं. माणसं बिश्नोईंच्या गावात खेजड्या तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला बिलगून उभी राहिली आणि कुऱ्हाड आधी तिच्यावर चालली. पाठोपाठ तिच्या तीन मुली. मग आजूबाजूच्या गावांतून लोक येत राहिले, एकेका झाडाला एकेक माणूस. ३६३ जणांनी जीव दिला. ११ सप्टेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय वन शहीद दिन म्हणून पाळला जातो तो याच आठवणीने. चिपको आंदोलनाच्या कितीतरी आधी, एका बाईने झाडाला मिठी मारली होती. दसऱ्याला शमीची पूजा करताना मुलांना पांडवांबरोबर अमृतादेवीही सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि महाराष्ट्रात?

सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड सुमारे ४०० वर्षांचा होता, म्हणजे बहरीनच्या शमीच्या बरोबरीचा. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड येत होता. २०२० मध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, आणि महामार्गाची आखणी बदलली. झाडासाठी महामार्गाने बाजूला व्हावं, ही बातमी मी परदेशात बसून पुन्हापुन्हा वाचली.

शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षं वा त्याहून जुनी झाडं ‘हेरिटेज’ ठरली. असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. चांगलं पाऊल आहे. पण साठ रोपं म्हणजे साठ वर्षांची सावली नव्हे, त्यातल्या ढोल्या आणि घरटी नव्हेत. तोडायचं नाही, हाच खरा नियम हवा.

देवराया हे आपलं जुनं कुंपण. काठी नाही, तार नाही. देवाचं आहे म्हणून वाळकी फांदीही न्यायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या राया शास्त्रीय नजरेने नोंदवल्या आणि जगाला दाखवल्या. शहरात मात्र देवाचा धाक संपतो आणि क्लासच्या जाहिराती खिळ्यांनी खोडावर ठोकल्या जातात. पुण्यात ‘खिळेमुक्त झाडं’ मोहिमेत तरुणांनी पक्कड घेऊन ते खिळे उपसले. कुणाला सुटीच्या दिवशी करण्यासारखं काम हवं असेल, तर हे घ्या.

इथं येणार असाल तर

हिवाळ्यात या, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना. पाणी बरोबर ठेवा, बाटली परत न्या. फोटो कठड्याबाहेरून छान येतो, झाड पूर्ण मावतं. दसऱ्याचे दिवस असले तरी इथलं पान तोडू नका. घरात शमी हवीच असेल तर कुंडीत लावा, फक्त रोप पारखून घ्या: नर्सरीत शमी म्हणून पुष्कळदा दुसरंच झाड गळ्यात मारतात, ज्याला अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा तुरा येतो. खऱ्या शमीचा तुरा फिकट पिवळाच असतो.