काळी वाळू, पांढरी वाळू आणि स्वस्तातला कॅमेरा

रत्नागिरीत कॅमेरा पारखायचा तर दुकानापेक्षा समुद्रावर जावं. गावाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र, आणि मधे रत्नदुर्ग. कुणाचा तरी जुना डिजिटल कॅमेरा मागून घ्या, ऑटोवर ठेवा आणि फ्रेमभर नुसती वाळू घेऊन दोन्हीकडे एकेक फोटो काढा. दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले की काळी वाळू फिकटलेली आणि पांढरी मळलेली दिसेल. बऱ्याचदा तर कुठली कुठली, हेच ओळखता येत नाही.

याचं कारण मोठं गमतीचं आहे. काळं काय आणि पांढरं काय, हे कॅमेऱ्याला मुळातच कळत नाही. समोरचं सगळं सरासरीने मध्यम करडं असणार, असं तो धरून चालतो आणि त्या हिशोबाने उजेड आत घेतो. म्हणून स्वस्तातला कॅमेरा हातात आला की मी आधी अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधतो. पांढऱ्या वाळूवर अधिक एक, काळ्या वाळूवर उणे एक, एवढं केलं की दोन्ही समुद्र आपापल्या रंगात परत येतात. ज्या कॅमेऱ्यात हा पर्याय मेनूच्या सातव्या पडद्याआड दडवलाय, तो माझ्या मते स्वस्तातही महागच.

आता आत डोकावू. खिशात मावणाऱ्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकावर सेन्सरचं माप 1/2.3 इंच असं लिहिलेलं असतं. ही जुन्या टीव्ही-कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांवरून चालत आलेली पद्धत. प्रत्यक्षात तो तुकडा जेमतेम 6.17 बाय 4.55 मिलिमीटरचा, म्हणजे 28 चौरस मिलिमीटर. एवढ्याशा जागेत 2 कोटी पिक्सेल बसवले, की एकेकाच्या वाट्याला सुमारे 1.2 मायक्रॉन रुंदी येते. केसाच्या जाडीत असे पन्नासेक पिक्सेल सहज मावतील.

पिक्सेल करतो काय, तर उजेड मोजतो. पावसात अंगणभर भांडी मांडून ठेवावीत आणि पाऊस थांबल्यावर प्रत्येकात किती पाणी साचलं ते बघावं, तसं. उजेडही थेंबाथेंबानेच येतो. त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. भांड्यात 10,000 थेंब पडणार असतील तर नशिबाने शंभरेक इकडे-तिकडे होतात, म्हणजे एक टक्का. शंभरच पडणार असतील तर दहाचा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावर काढलेल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, तिचा मोठा भाग हाच. प्रकाश मुळातच असा अनियमित पडतो, आणि लहान भांड्यांमुळे तो अनियमितपणा आपल्याला उघड्या डोळ्यांनी दिसतो!

भांडी भरल्यावर पाणी मोजायचं कसं? 1969 साली बेल लॅबमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तोड काढली: प्रत्येक भांडं शेजारच्यात ओतत ओतत रांगेच्या टोकाला न्यायचं आणि तिथे एकाच मापाने मोजायचं. हाच सीसीडी, ज्यासाठी त्यांना 2009 चं नोबेल मिळालं. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने असाच सेन्सर वापरून डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात पिक्सेल होते 10,000, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. मांडवीच्या जेट्टीवर मावळत्या सूर्याकडे रोखलेल्या जुन्या सीसीडी कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक उभी झगझगीत रेघ दिसते. ओतत नेली जाणारी भांडी सूर्याच्या धारेखालून जातात, त्याची ती खूण. शटर मिटल्यावर बाकीचं ओतणं अंधारात होतं, म्हणून फोटोत ती सहसा येत नाही.

आणखी एक आश्चर्य: एका पिक्सेलला एकच रंग दिसतो. कोडॅकच्याच ब्राइस बायरच्या रचनेप्रमाणे निम्म्या पिक्सेलांवर हिरवी गाळणी असते, पाव भागावर तांबडी, पाव भागावर निळी. उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरतो. म्हणजे श्रावणातल्या हिरव्या सड्याच्या फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती चक्क अटकळ असते, आणि तरी ती आपल्याला पटते.

मेगापिक्सेलच्या जाहिरातीला भुलू नये ते यासाठीच. लेन्स कितीही चांगली असो, प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, पसरतो. एफ 3.3 च्या छिद्रातून आलेला ठिपका साधारण 4.4 मायक्रॉनचा होतो. पिक्सेल 1.2 चा, ठिपका त्याच्या पावणेचारपट! म्हणजे 2 कोटींतले बरेच पिक्सेल एकाच धूसर ठिपक्याची पुन्हा पुन्हा मोजदाद करत बसतात. त्यापेक्षा 1/1.7 इंची सेन्सरचा 1 कोटीवाला जुना कॅमेरा बरा. त्यात एकेका पिक्सेलचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. एक इंची सेन्सर मिळाला तर उत्तमच, पण तिथे 'स्वस्त' हा शब्द जपून वापरावा लागतो. आणि खरं सांगायचं तर आजच्या बऱ्याच फोनांचे सेन्सरही 1/2.3 पेक्षा मोठे असतात. फोन सोडून छोटा कॅमेरा घ्यायचा तो खऱ्या, काचेच्या झूमसाठी.

किंवा कातळशिल्पांसाठी. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पालथे घालून जांभ्यावर कोरलेली जी चित्रं उजेडात आणली, त्यांची नोंद 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे. 24 मिलिमीटरच्या रुंद लेन्सने तो फ्रेममध्ये मावायला साडेबारा मीटर मागे जावं लागतं, 28 ला साडेचौदा. शिवाय उभ्याने काढला की हत्ती चपटा दिसतो. इथे दोनशे ग्रॅमचा कॅमेरा कामाला येतो: बांबूच्या टोकाला घट्ट बांधा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बांबू उंच धरा.

वेळ मात्र सूर्य ठरवतो. तो क्षितिजापासून दहा अंशांवर असताना दोन सेंटिमीटर खोल चरीला अकरा सेंटिमीटर सावली पडेल इतका उजेड तिरपा असतो, त्यामुळे अख्खी चर काळी भरते आणि रेष उठून येते. मेच्या आठ तारखेच्या आसपास भर दुपारी रत्नागिरीत सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा सावली नाही आणि हत्तीही नाही. त्या उन्हात मागचा पडदाही काळाठिक्कर दिसतो, म्हणून डोळा लावून बघायची खिडकी असलेला जुना कॅमेरा मिळाला तर सोडू नये. पेन्सिल सेलवर चालणारा असेल तर अधिक चांगला. जुन्या मॉडेलची बॅटरी शोधत हिंडण्यापेक्षा ते सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात.

जुना घेताना लेन्समध्ये तिरपी टॉर्च मारून बघा. कोकणच्या दमट हवेत काचांच्या मधे बुरशीचे धागे पसरतात आणि ते पुसता येत नाहीत. मग झूमची नळी दोनतीनदा पूर्ण बाहेर काढून आत घ्या, कान जवळ ठेवून. करकर ऐकू आली तर कुठल्या तरी किनाऱ्याची वाळू आत शिरलेली आहे. भाव कितीही पाडून दिला तरी तो परत करा आणि दुसरा मागा.