खातं मायनसमध्ये? गप्प बसू नका!

इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड जमा झाला, पण शिल्लक ७०८ रुपयांनी कमी दिसली. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं माझं बचत खातं, किमान शिल्लक नव्हती म्हणून दंड लागून आधीच मायनसमध्ये गेलं होतं म्हणे! डेबिट कार्डही बंद. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘सिस्टीमने कापलेत, आमच्या हातात काही नाही.’

तुम्हालाही असंच ऐकवलं, तर मुकाट घरी येऊ नका. रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे: किमान शिल्लक नाही एवढ्यावरून दंड लावून बचत खातं मायनसमध्ये नेता येत नाही. शिवाय दंडाआधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवून महिन्याची मुदत द्यावी लागते.

म्हणून भांडण नको, कागद हवा. स्टेटमेंट काढा, कापलेल्या रकमेवर खूण करा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

मी अर्जात नियमाची तारीख लिहिली. बाराव्या दिवशी पैसे परत आले, कार्डही सुरू झालं. रक्कम छोटी, पण माझ्या मेसची दहा जेवणं होती ती!

आणि हो, शिल्लक सांभाळणं जमत नसेल तर शून्य शिल्लक चालणारं ‘बेसिक’ बचत खातं मागा. बँकेला ते द्यावंच लागतं.