सात माणसं, मागे ट्रेलर आणि जुनी गाडी

कैऱ्यांच्या हंगामात आपल्या बऱ्याच गटांचा माल जत्रेला आणि प्रदर्शनाला जायला लागतो, आणि त्याच सुमारास आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: घरातली सात माणसं बसतील आणि मागे स्टॉलचा छोटा ट्रेलरही ओढता येईल, अशी जुनी गाडी कोणती घ्यावी? आज त्याबद्दल बोलू. विकले गेलेले बोकड, भिशीचा नंबर, कधी गळ्यातलं सोनं, असे पैसे या गाडीत जातात. म्हणून जरा सावकाश ऐका.

आधी बसण्याचं बघू. जाहिरातीत ‘सेव्हन सीटर’ लिहिलेलं असतं, पण आरसी बुकावर बैठकसंख्या किती नोंदली आहे तेच धरायचं, आणि त्यात ड्रायव्हरही मोजलेला असतो. काही जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ यांच्या मागच्या भागात समोरासमोर आडव्या बाकड्या असतात. तिथे पोरं खुशीत बसतात, पण बहुतेक गाड्यांत त्या बाकड्यांना सीटबेल्ट नसतात, आणि मागून कोणी धडकलं तर पहिला मार तिथेच बसतो. पाठीमागे रोज लहान मुलं बसवायची असतील, तर तोंड पुढे असलेली आणि बेल्ट असलेली तिसरी रांग हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यासाठी थोडी लहान किंवा एक-दोन वर्षं जुनी गाडी पत्करावी लागली तरी चालेल.

गाडी बघायला घरातले पुरुष जातात आणि बोनेट उघडून उभे राहतात. तुम्ही मात्र सासूबाईंना सोबत न्या. नऊवारी नेसून त्यांना चढता येतं का, पायदान किती उंच आहे, धरायला मूठ आहे का, हे त्यांनाच करून पाहू द्या. तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत जाऊन दहा मिनिटं बसा. मधली सीट दुमडून आत शिरताना साडी कशात अडकते ते बघा. गुडघे छातीला लागत असतील तर कोल्हापूर ते पुणे प्रवास तिथे कोणी करणार नाही, म्हणजे ती सीट कागदावरचीच. एसीचा वारा मागे येतो का? मागचं दार आतून उघडतं का? बऱ्याच गाड्यांत नाही उघडत, मग मागच्या माणसाला बाहेर पडायला मधली सीट हाच रस्ता उरतो. आणि सगळ्या सीट भरल्या की सामानाला जागा जेमतेम दोन पिशव्यांची राहते. मग सामान टपावर जातं, गाडी वर जड होते आणि वळणावर झुकते.

आता वजन. आरसीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. दोन्हीतला फरक म्हणजे गाडी पेलू शकते तेवढा भार. समजा तो फरक ५५० किलो आला. सात माणसं सरासरी ६० किलोची धरली तर ४२० किलो झाले. उरले १३०. त्यात लोणच्याच्या बरण्या, मसाल्याची पोती, पाण्याचे कॅन आणि हो, मागे ट्रेलर जोडला तर त्याच्या दांड्याचा गाडीवर येणारा भारही. हा हिशोब घरी वहीवर करून मगच बाजारात जा. विकणारा तुम्हाला तो करून दाखवणार नाही.

ओढण्याच्या बाबतीत एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवासी गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडाच नसतो, आणि काहींत तर ‘या गाडीने ट्रेलर ओढू नये’ असं सरळ छापलेलं असतं. त्यामुळे ‘ताई, बिनधास्त टनभर ओढते’ असं कोणी म्हणालं, की पुस्तिकेतलं ते पान दाखवा म्हणायचं. पान नसेल तर त्या बोलण्याला किंमत नाही.

तरी गाडीची बांधणी पाहून बरंच कळतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा या गाड्या जाड लोखंडी चौकटीवर बांधलेल्या असतात आणि त्यांची मागची चाकं गाडी ढकलतात. अर्टिगासारख्या गाडीला वेगळी चौकट नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो आणि पुढची चाकं गाडी ओढतात. मागे जड ट्रेलर जोडला की गाडीचं ढुंगण खाली बसतं आणि नाक उचलतं. पुढची चाकं ओढणारी असतील तर घाटात नेमकी तीच हलकी होऊन घसरतात. म्हणून माणसं न्यायला अर्टिगा आरामाची आणि कमी खर्चाची, पण ट्रेलरसाठी आम्ही ती सुचवणार नाही. टवेरा आजही स्वस्तात मिळते आणि जागाही ऐसपैस, पण शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री बंद केली. तेव्हा पार्ट कुठून आणायचे हे तुमच्या गावच्या मिस्त्रीला विचारूनच तिच्याकडे वळा.

ट्रेलरमध्ये माल कसा भरायचा हे मात्र आपल्याला कोणी शिकवायला नको. बैलगाडी आठवा. मागे जास्त भरली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. पुढे जास्त भरली तर धुरजड होऊन बैल दबतात. ट्रेलरचंही तसंच. उलाळ ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, आणि एकदा का तो हलायला लागला की गाडीलाही फरफटत नेतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगची ओढाताण करायची नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग दांड्यावर येईल असा जड माल चाकाच्या किंचित पुढे, खाली ठेवायचा. गॅसची शेगडी आणि पाण्याची टाकी आधी, पापडाची खोकी वर.

चढाचा हिशोबही सोपा आहे. दहा फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर १ टनाचा ट्रेलर गाडीला सुमारे १०० किलोच्या जोराने मागे खेचतो. तो जोर क्लचवर येतो. उतारावर हाच ट्रेलर गाडीला पुढे ढकलतो. लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे सगळं गाडीच्या ब्रेकला थांबवावं लागतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून लागेनासे होतात.

म्हणूनच जुनी गाडी तपासताना, तिने आधी काही ओढलंय का, हे शोधायचं. मागच्या बंपरखाली वाका. हूक काढलेला असला तरी बोल्टची भोकं आणि वेल्डिंगचे डाग राहतात. बोलेरोसारख्या गाडीच्या मागच्या पाट्यांची कमान सपाट झाली असेल तर तिने ओझी वाहिली आहेत. चौकटीवर नवा काळा रंग फासलेला दिसला तर नखाने खरवडा. कोकणातल्या, समुद्राकाठच्या गाडीत त्याखाली गंज सापडायची शक्यता जास्त.

क्लच तपासायची जुनी युक्ती अशी: मोकळ्या, सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय आणि तो बदलायचा खर्च तुमच्या माथी येणार. इंजिन थंड असतानाच सुरू करून घ्या. तुम्ही पोचायच्या आत विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या सकाळी जा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतोय आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

सुरक्षेसाठी एक तारीख लक्षात ठेवा. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रवासी गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना देणारा आवाज आणि मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत २०२२ पासून आहे. पुढे लावलेला जाडजूड लोखंडी गार्ड रुबाबदार दिसतो, पण केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या. तो धडकेच्या वेळी एअरबॅगच्या आड येऊ शकतो. काढूनच घ्या.

कागदांत आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर आपल्या डोळ्यांनी जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाका, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो हे धरून चाला. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, वर पर्यावरण करही भरावा लागतो. पैसे तुमचे असतील तर आरसीवर नावही तुमचंच घाला. घरात त्यावर दोन दिवस अबोला होईल, होऊ द्या.

ट्रेलरला मोटार वाहन कायदा वेगळं वाहन मानतो, म्हणजे त्याची स्वतःची नोंदणी हवी. गावातल्या वेल्डरने बनवून दिलेला, नंबर नसलेला, मागे लाल दिवा नसलेला ट्रेलर रात्रीच्या रस्त्यावर न्यायचा नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. तसंच पांढऱ्या पाटीच्या गाडीत शेजारणींकडून भाडं घेऊन त्यांना जत्रेला नेणं म्हणजे विमा हातचा घालवणं. त्यासाठी पिवळी पाटी आणि परवाना लागतो.

आणि गाडी आली की पहिल्या रविवारी रिकामा ट्रेलर जोडून शाळेच्या मैदानावर जा. मागे घेताना ट्रेलर डावीकडे हवा असेल तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं, आणि तो वळायला लागला की लगेच त्याच्या मागे डावीकडे. डोकं पहिल्या तासाभरात गरगरतं. दोन दगड ठेवा, त्यांच्यामधून वीस वेळा काढा, मगच माल भरा.