‘नंबर सांगा, रिमोट घेतो’

सकाळचे साडेदहा. कोल्हारमध्ये नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एखाद्या पतसंस्थेचं शटर वर गेलेलं असतं, काउंटरपुढे चार-पाच खातेदार पासबुक घेऊन उभे असतात, आणि सर्व्हरवर दिवसाचं काम सुरू करून देणारं ‘डे-बिगिन’ काही होत नाही. क्लार्क सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं : ‘एनीडेस्क चालू करा, नंबर सांगा, रिमोट घेतो.’ नऊ-दहा आकडे वाचून दाखवायचे, ‘ॲक्सेप्ट’ दाबायचं, की माऊसचा बाण आपला आपण फिरायला लागतो. दहा मिनिटांत काम सुरू होतं. नगरहून किंवा पुण्याहून माणूस येईपर्यंत बसून राहण्याचे दिवस गेले, आणि ही सोय लहानसहान नाही.

पण त्या दहा मिनिटांत खातेदारांच्या ठेवी, कर्जखाती, आधार क्रमांक हे सगळं ज्या यंत्रात आहे त्याचा ताबा बाहेरच्या माणसाकडे जातो. म्हणून असं सॉफ्टवेअर निवडताना चित्र किती वेगानं दिसतं हे नंतर पाहावं. आधी पाहायचं ते हे, की किल्ली कोणाकडे राहते आणि ती परत कशी घेता येते.

नंबर सांगून यंत्र उघडतं कसं, हे समजलं की निवड सोपी होते. संस्थेतला संगणक राउटरच्या आड असतो, इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत थेट पोहोचता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे संगणक आधी सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरकडे जातात आणि तिथं त्यांची गाठ घालून दिली जाते. जर्मनीत २००५ मध्ये सुरू झालेलं टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये श्टुटगार्टला स्थापन झालेलं एनीडेस्क याच पद्धतीनं चालतात. त्याआधीचं व्हीएनसी केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झालं. त्याचा जीव अगदी साधा : तिकडच्या पडद्याचं चित्र इकडे, इकडची कळ तिकडे.

गाठ घालून देणाऱ्या मधल्या कंपनीवर म्हणूनच सगळा भरवसा असतो. त्या कंपनीलाच धक्का बसला तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कनं आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द केले. त्याआधी जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीचं दूरवरून संगणक सांभाळण्याचं सॉफ्टवेअर हल्लेखोरांनी वापरलं आणि स्वीडनमधल्या ‘कूप’ या दुकानसाखळीच्या शेकडो दुकानांची बिलं करणारी यंत्रं बंद पडली. कूप ही ग्राहकांची सहकारी संस्था आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी कोल्हारशेजारच्या लोणीत सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या प्रवरेच्या काठच्या माणसाला ही बातमी परकी वाटू नये. दुकानदाराची चूक नसताना शटर खाली घ्यावं लागलं, कारण किल्ली तिसऱ्याच्या हातात होती.

ठकसेनांनाही ही किल्ली चांगली ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. बँकेतून बोलतोय असं सांगून ॲप उतरवायला लावायचं आणि त्याचा नंबर विचारायचा, अशी ती फसवणूक. सॉफ्टवेअर बनावट नव्हतं, ‘ॲक्सेप्ट’ मात्र भलत्याच माणसासाठी दाबलं जात होतं.

काउंटरवरच्या संगणकांसाठी नियम एकच ठेवावा : समोर माणूस बसलेला असेल आणि त्यानं परवानगी दिली तरच प्रवेश. या सॉफ्टवेअरांत कायमचा पासवर्ड ठेवून केव्हाही आत येण्याची सोय असते. पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअरवाला पहिल्याच दिवशी ती लावून जातो, आणि तो पासवर्ड पुढे त्याच्या चार सहकाऱ्यांना माहीत होतो. त्यांतला एक नोकरी सोडून गेला तरी किल्ली त्याच्या खिशातच राहते. म्हणून प्रत्येकाचं वेगळं खातं, मोबाइलवर येणारी दुसरी खूण, आणि कोण कधी आत आलं याची नोंद या तीन गोष्टी ज्यात नाहीत, ते सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी संस्थेनं घेऊ नये. नोंदीला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, म्हणजे सर्ट-इननं, एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात.

फुकटच्या आवृत्त्या घरगुती वापरासाठी असतात. कार्यालयात वापर होतोय अशी शंका आली की टीमव्ह्यूअर जोडणी मध्येच तोडतं, आणि ते नेमकं मार्चअखेरीला घडलं तर फार महागात पडतं. चेन्नईच्या झोहोचं ‘असिस्ट’ हा देशी पर्याय आहे. रस्टडेस्कचा मधला सर्व्हर संस्थेला स्वतःचा ठेवता येतो, पण तो सांभाळायला जाणता माणूस हवा. असा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

सर्व्हरची गोष्ट वेगळी. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप असतोच (होम आवृत्तीत मात्र बाहेरून आत येऊ देत नाही), म्हणून कोणीतरी राउटरमध्ये ३३८९ क्रमांकाचा पोर्ट सरळ इंटरनेटला उघडून देतं. खंडणीखोर टोळ्या हाच पोर्ट रात्रंदिवस चाचपत असतात. तो बंदच हवा. आधी व्हीपीएन (संस्थेच्या जाळ्यात शिरायची बंदिस्त वाट), मग रिमोट डेस्कटॉप, हाच क्रम. लिनक्स सर्व्हर असेल तर एसएसएच पुरतं. फिनलंडमध्ये विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते लिहिलं. त्यात चित्र जात नाही, नुसती अक्षरं जातात, त्यामुळे रेंज मरतुकडी असली तरी काम होतं.

विकत घेण्याआधी आठवडाभर चाचणी घ्यावी, आणि ती विक्रेत्याच्या ऑफिसात न घेता आपल्याच काउंटरवर घ्यावी. दूरवरून खातेदाराचं नाव मराठीत टाइप करून पाहावं. दोन्हीकडचे कळफलक वेगळे असले तर ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना अक्षरांचा चुथडा होतो. पासबुकचा प्रिंटर तिकडून दिलेली छपाई घेतो का, हेही त्याच वेळी पाहावं.

आणि वीज. ती गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर बंद पडला, की असलं कोणतंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. डेलच्या आयड्रॅक किंवा एचपीच्या आयएलओसारखी सोय असलेला सर्व्हर दूरवरूनही सुरू करता येतो, पण वीज आणि इंटरनेट आलेलं हवं. साध्या संगणकात ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ ही सेटिंग बायोसमध्ये करून ठेवता येते. तेही नसेल तर कुलूप उघडून, राउटरचे दिवे लागलेत का ते बघून, सर्व्हरचं बटण दाबायला संस्थेचा शिपाईच लागतो. त्याला ते बटण कोणतं हे आजच दाखवून ठेवावं.